संवादयंत्रे आणि दैनंदिन ताण : ‘एलायझा’ ते ‘वोबॉट’ (१९६६ ते २०२५)

प्रस्तावना :
दैनंदिन ताणाच्या प्रसंगी मनुष्याला प्रथम गरज भासते ती ऐकून घेणाऱ्याची. हे काम यंत्राकडे सोपवावे काय, हा प्रश्न मोबाईलच्या प्रसाराबरोबर निर्माण झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः तो सुमारे सहा दशके जुना आहे. प्रस्तुत लेखात ‘चॅटबॉट’ अर्थात संवादयंत्रांच्या रचनेत घडून आलेल्या बदलांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

एलायझाची रचना :
अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबाऊम (१९२३-२००८) यांनी जानेवारी १९६६ मध्ये ‘एलायझा’ या आज्ञावलीवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील नायिकेचे. मराठी रसिकांना हीच नायिका पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ (१९७५) मधील मंजुळा म्हणून परिचित आहे.

एलायझाची कार्यपद्धती अत्यंत साधी होती. वाक्यातील सूचक शब्द शोधणे, सर्वनामे बदलणे आणि त्याच वाक्याचा प्रश्न करून परत पाठविणे, एवढेच ती करी. मराठीत उदाहरण द्यावयाचे तर, ‘मला आईची काळजी वाटते’ या वाक्यावर ‘तुम्हाला आईची काळजी का वाटते?’ असा प्रतिप्रश्न येईल. सूचक शब्द न सापडल्यास ‘पुढे सांगा’ अशा अर्थाचे ठरावीक उत्तर मिळे. कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री समुपदेशनाचा नमुना तिच्यासाठी निवडला गेला, कारण या संवादात ऐकणाऱ्याला जगाचे ज्ञान असल्याचे दाखवावे लागत नाही.

मतभेदाचा प्रारंभ :
वायझेनबाऊम यांच्या सचिव ही आज्ञावली तयार होताना पाहत होत्या. तरीही यंत्राशी थोडा संवाद होताच त्यांनी वायझेनबाऊम यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. या अनुभवाने ते अस्वस्थ झाले. याउलट, स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांनी १९६६ मध्येच अशा यंत्राद्वारे उपचारकांची उणीव भरून काढण्याची कल्पना मांडली. वायझेनबाऊम यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात तिला ठाम विरोध केला. यंत्राला एखादे काम जमेल काय, यापेक्षा ते त्याच्याकडे सोपवणे योग्य काय, हा त्यांचा मूळ मुद्दा होता.

श्रवणाकडून सरावाकडे :
पुढे बोधात्मक वर्तनोपचाराच्या प्रसारामुळे रचनेची दिशा बदलली. नकारात्मक विचार ओळखणे, तो तपासणे व पर्यायी विचार मांडणे या पायऱ्या ठरावीक असल्याने त्या यंत्राद्वारे शिकविणे शक्य होते. २०१७ मध्ये ‘वोबॉट’ या संवादयंत्राची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत १८ ते २८ वयोगटातील ७० जण सहभागी होते व कालावधी दोन आठवड्यांचा होता. वोबॉट वापरणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे तुलनेने अधिक घटली. चिंतेची लक्षणे मात्र केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या गटातही कमी झाली. चाचणीचा अल्प कालावधी आणि संशोधनात कंपनीच्या संस्थापिकेचा असलेला सहभाग लक्षात घेऊनच या निष्कर्षांचे मूल्यमापन करणे इष्ट ठरते. भारतात बंगळुरू येथे विकसित झालेले ‘वायसा’ हेही याच परंपरेतील होय.

वोबॉटची उत्तरे मुख्यतः तज्ज्ञांनी आधी लिहून ठेवलेली असत आणि आपण यंत्र आहोत, हे ते लपवीत नसे. ३० जून २०२५ रोजी हे ॲप बंद करण्यात आले. शासकीय मान्यतेच्या प्रक्रियेचा खर्च व गुंतागुंत हे त्याचे एक कारण होते. अर्थात, कंपनीने सेवा थांबविली की तिच्याशी रोज बोलणाऱ्याचा आधारही थांबतो. समुपदेशकाच्या पेशात रुग्णाला दुसऱ्याकडे सोपविण्याचा संकेत असतो. ॲपच्या बाबतीत तो गृहीत धरता येत नाही.

निष्कर्ष :
या इतिहासावरून असे दिसते की, साध्या संवादयंत्राची उपयुक्तता त्याच्या मर्यादित कामात आहे. श्वसनाचा सराव, विचारांची नोंद आणि संकटसमयी माणसाकडे पाठविण्याची सोय एवढे त्याने चोख करावे. आपुलकीचा आभास मात्र वायझेनबाऊम यांना जाणवला तितकाच आजही धोकादायक आहे. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांसाठी अशी साधने स्वीकारताना ती समुपदेशकाच्या मदतीला असावीत, त्याच्या जागी नव्हे. कारण ऐकण्याची जबाबदारी अखेर माणसाचीच आहे.