खतावणीचा ताळा आणि संगणकाचा मदरबोर्ड

ऑक्टोबर 1906 मध्ये मद्रासची अर्बथनॉट ही नामांकित पेढी बुडाली आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यानंतर मैलापूरचे वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने 1907 मध्ये इंडियन बँक सुरू झाली. बँकांमध्ये पुढे कितीतरी दशके हिशेबाची विश्वासार्हता एका साध्या पद्धतीवर टिकून होती: एकाने नोंद करायची, दुसऱ्याने ती तपासायची आणि दिवसअखेर ताळा जुळवायचा.

1983 मध्ये बँका व कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. पुढच्याच वर्षी रंगराजन समितीने शाखांमध्ये खतावणी लिहिणारी, मायक्रोप्रोसेसरवर चालणारी यंत्रे बसवण्याची शिफारस केली. आता प्रश्न असा की यंत्राच्या आत ताळा कोण जुळवणार?

याच काळात कार्यालयांत शिरलेला आयबीएम पीसी (1981) या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. त्यासाठी मोटोरोलाच्या 68000 चाही विचार झाला होता; निवड मात्र इंटेलच्या 8088 ची झाली. हा प्रोसेसर आतून 16 बिटांचा, पण बाहेर डेटाची ने-आण 8 बिटांनी करणारा. त्यामुळे बाजारात सहज मिळणाऱ्या 8 बिटी सहायक चिप वापरून स्वस्त मदरबोर्ड बनवता आला. म्हणजे प्रोसेसर निवडताना मदरबोर्डचा विचार आधीच झालेला होता. शिवाय एकाच पुरवठादारावर विसंबणे आयबीएमला नको होते, म्हणून एएमडीलाही या चिप बनवण्याचा परवाना मिळाला. माझ्या मते ही अट वेगापेक्षा महत्त्वाची होती. सुटा भाग मिळत नसेल तर बंद पडलेले यंत्र शाखेत शोभेलाच उरते.

आणि ताळा? या पीसीच्या मेमरीत दर 8 बिटांमागे एक नववा, पॅरिटी बिट होता. तो जुळला नाही तर यंत्र संदेश देऊन थांबत असे. चुकीच्या आकड्यावर पुढे जाण्यापेक्षा थांबलेले बरे, हे कोणताही जुना मुनीम सांगेल.

पण पॅरिटी फक्त मेमरी तपासते. 1994 मध्ये प्रा. थॉमस नाइसली यांना पेंटियमच्या भागाकारातच दोष सापडला. चिप बदलून देण्यासाठी इंटेलला 47.5 कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. 2000 नंतरच्या काही वर्षांत उलट घडले. प्रोसेसर ठणठणीत होते, पण अनेक मदरबोर्डांवरील निकृष्ट कपॅसिटर फुगून गळू लागले आणि यंत्रे अवेळी बंद पडली. पुढे घन पॉलिमर कपॅसिटर रूढ झाले.

पॅरिटी चूक दाखवते, दुरुस्त करत नाही. ते काम ईसीसी मेमरी करते: एका बिटाची चूक सुधारते, दोन बिटांची ओळखते. मात्र त्यासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्ड या दोघांनीही तिला साथ द्यावी लागते. म्हणून व्यवसायासाठी संगणक घेताना आजही ही जोडी एकत्रच तपासली जाते.