लेन्समधली धूळ

गेल्या वर्षी मिरचीच्या हंगामात चार दिवस सुट्टी टाकून धर्माबादला गेलो होतो. धर्माबाद म्हणजे नांदेड जिल्ह्याचं तेलंगणाकडचं टोक. बाहेरच्यांना गाव माहीत असलंच तर मिरचीच्या बाजारामुळे. मी दोन दिवस सकाळी कॅमेरा घेऊन त्या लाल ढिगाऱ्यांमधून हिंडलो. नाकाला रुमाल बांधला होता. लेन्सला कोण बांधणार?

तिसऱ्या दिवशी लेन्स खिडकीकडे धरून पाहिली तर आत धुळीचे कण. बाहेरून कितीही पुसा, ते आपले जागच्या जागी.

आता इंजिनिअर माणसाला "हे उघडू नये" असं सांगितलं की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. दुपारी सगळे झोपल्यावर अस्मादिक स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. उघडायच्या आधी थोडं वाचलं असतं तर बरं झालं असतं. वाचलं ते नंतर. पण तुम्हाला तेच आधी सांगतो, कारण गोष्ट मजेदार आहे.

आमचं गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. या राज्याचे सगळ्यात गाजलेले फोटोग्राफर लाला दीनदयाळ. जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. शिक्षण रुडकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, नोकरी इंदूरला बांधकाम खात्यात. नोकरी सांभाळून फोटोग्राफी शिकले, नंतर नोकरी सोडली. (वीकेंडला फोटो काढत फिरणाऱ्या आयटीवाल्यांनी याची नोंद घ्यावी :) ) सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर केलं आणि १८९४ मध्ये 'मुसव्विर जंग' असा किताबही दिला.

धूळ त्यांच्या काळातही होतीच, पण तिचा त्रास लेन्समध्ये नव्हता. तो होता काचेच्या प्लेटवर. प्लेटवर कण बसला की त्या जागी उजेड पोचायचा नाही, निगेटिव्हवर पारदर्शक टिंब राहायचं आणि कागदावर काळा ठिपका उमटायचा. मग बारीक कुंचला घेऊन एकेक टिंब रंगाने भरत बसायचं.

लेन्सचं मात्र काम सोपं. त्या काळी खूप चाललेली एक लेन्स म्हणजे 'रॅपिड रेक्टिलिनिअर', लंडनच्या डालमायरने १८६६ मध्ये आणलेली. पितळेची नळी, पुढे दोन भिंगं चिकटवलेली, मागे तशीच दोन. म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग फक्त चार. दोन्ही टोकं हाताने फिरवून काढायची, पुसायची, परत लावायची. स्क्रू ड्रायव्हर नको की सर्व्हिस सेंटर नको.

मग हे आपलं झूम कुठून आलं? सिनेमासाठी 'कुक व्हॅरो' नावाची झूम लेन्स १९३२ मध्ये आली. ३५ मिलिमीटरच्या स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठी पहिली झूम १९५९ ची, फोइग्टलेंडर कंपनीची 'झूमार'. मूळच्या व्हिएन्नाच्या फ्रँक बॅक यांनी ती आखली होती. तिच्यात १४ भिंगं होती! माझ्यासारख्याच्या साध्या किट झूममध्येही ९ गटांत ११ भिंगं असतात. म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग १८.

इथे थोडं गणित. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. चार पृष्ठभागांतून ८५ टक्के उजेड पार होतो. अठरांतून? फक्त ४८ टक्के. अर्ध्याहून जास्त उजेड वाटेतच गळाला, आणि त्यातला बराचसा आतल्या आत इकडून तिकडे आपटत फोटो फिकट करणार. नुसत्या काचेचं झूम कामाचंच नाही.

याचं उत्तर ज्या माणसाला दिसलं तो इंग्लंडमधल्या यॉर्कचा, नाव डेनिस टेलर. 'कुक अँड सन्स' या दुर्बिणी बनवणाऱ्या कंपनीत भिंगांचं काम करायचा. १८९० च्या दशकात त्याच्या लक्षात आलं की वर्षानुवर्षं हवा लागून काळपट पडलेली जुनी भिंगं नव्या चकचकीत भिंगांपेक्षा *जास्त* उजेड आत सोडतात. लोक ज्याला डाग समजून घासून काढत होते, तोच पातळ थर उजेड परत फिरू देत नव्हता! टेलरने रसायनं लावून काच मुद्दाम 'म्हातारी' करायचं पेटंट १९०४ मध्ये घेतलं. पण परिणाम दर वेळी वेगळा यायचा. पुढे १९३५ मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलाने निर्वात पेटीत काचेवर हवा तेवढाच पातळ थर चढवायची पद्धत काढली. आज आपल्या भिंगांवर जांभळी-हिरवी झाक दिसते ती याचीच. या कोटिंगमुळेच अठरा पृष्ठभागांचं झूम शक्य झालं.

आणि झूम म्हणजे हवेचा पंप. नळी पुढे सरकली की आतली जागा वाढते, हवा आत ओढली जाते. मागे सरकली की बाहेर. लेन्स पूर्ण हवाबंद केली तर ती नीट लांबणारच नाही. मिरचीच्या ढिगाऱ्यापाशी दोन दिवस मी हेच करत होतो, फोटो काढतोय असं समजून.

असो. तर माझा पराक्रम. पुढची नाव लिहिलेली पातळ रिंग निघाली, खाली तीन स्क्रू. साधा स्क्रू ड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही, कारण जपानी स्क्रूंची खाच थोडी वेगळी असते. हेही नंतर कळलं. पुढचं भिंग बाहेर आलं, ब्लोअरने फुंकलं, धूळ गेली. एवढ्यात काका उठले. "काय करायलास रे? चांगलं चालायलंय ते कशाला उघडलास?" म्हटलं, झालंच काका, पाच मिनिटं.

घाईत भिंग परत बसवलं. ते आधी कोणत्या कोनात होतं याची पेन्सिलने खूण केलीच नव्हती. कारखान्यात ते भिंग किंचित इकडे-तिकडे करून नेमकं बसवलेलं असतं. पितळी नळीत हा प्रश्न नव्हता, तिथे आटे फिरले की भिंग आपल्या जागी.

दुसऱ्या दिवशी काकांची साठी होती. सगळं घर अंगणात बसवून ग्रुप फोटो काढला. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर छान दिसला. पुण्याला येऊन मोठा करून पाहिला तर उजवी बाजू कडक शार्प आणि डावी बाजू मऊ, पुसट. डाव्या टोकाला खुर्चीत आजी बसली होती. त्यानंतर सगळे एकत्र असे जमलेच नाहीत, आणि या दिवाळीला आजी नव्हती.

आधीच्या दोन दिवसांचे बाजारातले फोटो, म्हणजे लेन्समध्ये धूळ असतानाचे, पुन्हा उघडून पाहिले. एकाही फोटोत धूळ दिसत नाही. दिसणारही नाही, कारण पुढच्या भिंगाजवळचा कण फोकसमध्ये येतच नाही. सूर्य समोर असेल तर फोटो जरासा फिकट होतो, इतकंच. आकाशात जे काळे ठिपके दिसतात ते बहुतेक वेळा सेन्सरवरच्या धुळीचे असतात.

म्हणून सांगतो. बाहेरून ब्लोअर मारा, मऊ कापडाने हलकेच पुसा, बाजारात शिरण्याआधी झूम एका जागी ठेवा आणि पायांनी पुढे-मागे व्हा. आत जाळ्यासारखी बुरशी दिसली तर मात्र जाणकाराकडे द्या, ती पसरते आणि कोटिंग खाते. धुळीला राहू द्या.

लेन्स नंतर दुरुस्त करून घेतली. यंदा परत गावी गेलो होतो, आत पुन्हा चार-पाच कण आलेत. काका म्हणाले, "आता उघडू नको बरं का." नाही उघडली.