लवणारे पोलाद, टिकणारी सायकल

१/८
चढावर उभे राहून पेडल मारले की पोलादी सायकलची फ्रेम किंचित लवते. लवते ती फ्रेम कच्ची, हा समज फार जुना आहे. बर्मिंगहॅमच्या एका खिळे बनवणाऱ्या घराण्याची ही कथा त्या समजाला छेद देते.

२/८
१८९० च्या दशकात सायकलची चौकट आजच्या आकाराला आली होती. वजन घटवायचे तर नळ्या पातळ हव्या होत्या. परंतु पितळेचा डाख देताना आचेने सांध्याजवळचे पोलाद नरम पडे आणि सर्वाधिक ताणही तेथेच येई. पातळ नळी तेथेच मोडे.

३/८
१८९७ साली आल्फ्रेड मिलवर्ड रेनॉल्ड्स यांनी यावरील उपायाचे पेटंट घेतले. नळी बाहेरून एकसारखी, आतून मात्र टोकांना जाड आणि मध्ये पातळ! जेथे ताण, तेथेच धातू.

४/८
पोलाद मोडते कसे, याचा शोध त्याआधीच लागला होता. जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग केले. एका वेळी सहज पेलणारा भारही लाखो वेळा पडला तर आस तुटतो. मात्र ताण ठरावीक मर्यादेखाली राहिला तर पोलाद जवळजवळ अमर्याद काळ टिकते, असे त्यांना आढळले.

५/८
म्हणजेच मर्यादेत लवणारी फ्रेम लवल्यामुळे झिजत नाही. वर्षानुवर्षांच्या वापराने ती ‘मऊ’ही पडत नाही.

६/८
१९३५ मध्ये ‘रेनॉल्ड्स ५३१’ हे मँगनीज-मॉलिब्डेनमयुक्त पोलाद आले. ते साध्या पोलादाहून बळकट होते, पण अधिक ताठ नव्हते. सर्व पोलादांची ताठरता जवळपास सारखीच असते. बळकटीमुळे नळीची जाडी आणखी घटवता आली. परिणामी महागडी फ्रेम हलकी झाली आणि अधिक लवूही लागली.

७/८
ॲल्युमिनियमची ताठरता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश आणि त्याला थकव्याची तशी स्पष्ट मर्यादाही नाही. म्हणून १९८० च्या दशकात ॲल्युमिनियमच्या फ्रेमला मोठ्या व्यासाच्या नळ्या आल्या. त्या ताठ फ्रेमशी तुलना होऊन पोलादाची लवचीकता दोष ठरू लागली.

८/८
वास्तविक जुन्या पोलादी फ्रेमचे शत्रू वेगळेच आहेत : आतून लागलेला गंज, नळीला पडलेला पोचा, डाख देताना जास्त तापलेला सांधा. तिची पारख करताना ती किती लवते हे पाहून उपयोग नाही. सांध्यालगतच्या रंगात केसासारखी रेघ उमटली आहे का, हे पाहावे. रेनॉल्ड्स यांनी नळी जाड केली होती, ती तेथेच.