ध्वनिनमुने व कळफलक वाद्ये

ध्वनिनमुने व कळफलक वाद्ये : प्रत्यक्ष वाद्याचा स्वर मुद्रित करून तो कळ दाबताच उमटावा, अशी योजना असलेल्या वाद्यांत मुद्रित तुकड्याला नमुना किंवा सँपल म्हणतात. कळ दाबलेली असेतोवर स्वर टिकावा, म्हणून नमुन्याचा एखादा भाग पुनःपुन्हा वाजविण्याच्या क्रियेस लूप अशी संज्ञा आहे. या वाद्यांचा इतिहास बव्हंशी एकाच अडचणीचा इतिहास आहे : वादक कळ हवा तितका वेळ दाबून ठेवू शकतो, मुद्रण मात्र संपते.

पॅरिसमध्ये प्येर शेफर यांनी १९४८ मध्ये तबकडीची खाच स्वतःशीच जोडून ध्वनीचा लहानसा तुकडा अखंड फिरत ठेवला. घंटेच्या नादातील आरंभीचा आघात कापून टाकल्यास उरलेला नाद घंटेचा वाटत नाही, असे त्यांना आढळले. वाद्याची ओळख मोठ्या प्रमाणात आघातात असते, हे तत्त्व पुढील सर्व वाद्यांच्या रचनेत आडवे आले. शेफर यांच्या फोनोजेन यंत्रात फितीचे वेटोळे बारा कळांच्या साहाय्याने बारा वेगांनी फिरे. पण वेटोळ्याला आरंभ नसल्याने आघात योग्य क्षणी मिळेलच याची शाश्वती नसे.

अमेरिकेत हॅरी चेंबरलिन यांनी वेटोळेच टाळले. प्रत्येक कळीसाठी फितीची स्वतंत्र पट्टी असे व कळ सोडताच ती आरंभस्थानी परत जाई. याच तत्त्वावरील मेलोट्रॉन १९६३ मध्ये बर्मिंगहॅम येथे तयार झाले. बीटल्स यांच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ (१९६७) या गीतारंभीची बासरी याच वाद्याची होय. आघात शाबूत राहिला, परंतु सु. आठ सेकंदांनंतर स्वर बंद पडे. तरीही आपले काम जाईल या भीतीने ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेने त्यास विरोध केला.

अंकीय स्मृतीमुळे आघात आणि लूप यांची सांगड घालता आली. सिडनी येथील पीटर व्होगेल व किम रायरी यांच्या फेअरलाइट (१९७९) या वाद्यात प्रत्येक स्वरासाठी १६ किलोबाइट, तर अमेरिकन इम्युलेटरमध्ये (१९८१) एकूण १२८ किलोबाइट स्मृती होती. त्यात सेकंद-दोन सेकंदांचाच ध्वनी मावे; म्हणून आघात एकदा वाजवून पुढील स्थिर भाग फिरवीत राहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

लूप साधणे हे चिकाटीचे काम आहे. सांध्याच्या दोन्ही बाजूंना तरंगाची उंची व उतार न जुळल्यास दर फेऱ्याला टक् असा आवाज येतो. एकाच आवर्तनाचा लूप घेतल्यास नाद ऑर्गनसारखा निर्जीव होतो. लांब लूपमध्ये व्हायोलिनचा कंप किंवा श्वासाचा चढउतार ठरावीक अंतराने परत येऊन कानाला खटकतो. सेकंदाला ४४,१०० मोजमापे घेतल्यास ४४० कंप्रतेचे एक आवर्तन शंभरांहून किंचित अधिक मोजमापांत बसते. नेमक्या शंभरांचा लूप ४४१ कंप्रतेचा स्वर देतो. पट्टी चढत जाते तशी ही चूक वाढते. पियानोचा स्वर तर सतत विरत असतो. त्याचा लूप करताना पातळी आधी सपाट करून विरणे कृत्रिम रीतीने पुन्हा आणावे लागते. दोन टोके एकमेकांत हळूहळू मिसळण्याची युक्ती पुढे रूढ झाली. तिने टक् जाते, पण नाद किंचित धूसर होतो. एकच नमुना सप्तकभर वर नेल्यास त्याची लांबी निम्मी होते व कंपाचा वेग दुप्पट होतो. म्हणून दर काही स्वरांना नवा नमुना घेतात.

जपानी अकाई एस १००० (१९८८) या यंत्राच्या मूळच्या २ मेगाबाइट स्मृतीत एकपथी ध्वनी सु. २४ सेकंद मावे. १९९८ मध्ये आलेल्या गिगासँप्लर या संगणकप्रणालीने नमुने थेट तबकडीवरून वाजविल्याने पियानोचा स्वर विरेपर्यंत, लूपविना ऐकविणे शक्य झाले. मेलोट्रॉनचीच कल्पना एका अर्थी परत आली.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत १९८० नंतर अशी वाद्ये रुळली. बदललेली ध्वनिमुद्रणपद्धती हेही एक कारण असले, तरी मोठ्या वाद्यवृंदांचे काम घटले आणि त्यांवर उपजीविका करणाऱ्या, विशेषतः गोव्याहून आलेल्या वादकांना त्याची झळ पोहोचली. रागसंगीतात मात्र दोन स्वरांमधील प्रवासच महत्त्वाचा असल्याने सुट्या नमुन्यांतून सारंगीची मींड उभी राहत नाही. तानपुऱ्याचा झंकार मुळातच आवर्ती असतो. त्यामुळे नमुन्यांवर चालणारा इलेक्ट्रॉनिक तानपुरा अनेक गायकांनी रियाजासाठी स्वीकारला आहे.