राजीव गांधी यांचे नेतृत्व आणि तरुण मतदारांचा अपेक्षाभंग (१९८४ ते १९८९)

प्रस्तावना :

डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने ६१ वी घटनादुरुस्ती संमत करून मतदानाची वयोमर्यादा २१ वरून १८ वर्षांवर आणली. २८ मार्च १९८९ रोजी ही दुरुस्ती अमलात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीत हा अधिकार देणाऱ्या राजीव गांधी सरकारलाच पायउतार व्हावे लागले. 'ज्यांना मताचा अधिकार दिला त्यांनीच पाडले', असे विधान या घटनाक्रमावरून पुष्कळदा केले जाते. हे विधान कितपत ग्राह्य मानावे, तसेच १९८४ मध्ये या नेत्याचे स्वागत करणाऱ्या तरुण वर्गाचा उत्साह अवघ्या पाच वर्षांत का ओसरला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अपेक्षांची उंची :

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या हत्येनंतर राजीव गांधी वयाच्या ४० व्या वर्षी पंतप्रधान झाले. डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत काँग्रेसला ५१४ पैकी ४०४ जागा मिळाल्या. या यशाचे श्रेय बहुधा सहानुभूतीच्या लाटेला दिले जाते व ते चुकीचे नाही; परंतु पुढील वर्षभर टिकलेला उत्साह केवळ सहानुभूतीचा नव्हता. व्यवसायाने वैमानिक असलेला, पक्षांतर्गत हेव्यादाव्यांत फारसा न मुरलेला आणि एकविसाव्या शतकाची भाषा बोलणारा पंतप्रधान सुशिक्षित तरुणांना आपला वाटत होता. १९८५ च्या आरंभीच पक्षांतरबंदीचा कायदा झाला. त्याच वर्षी पंजाब व आसाम येथील करार झाले. संयुक्त राष्ट्रसंघाने ते वर्ष आंतरराष्ट्रीय युवक वर्ष म्हणून घोषित केले होते, हाही एक योग.

या संदर्भात डिसेंबर १९८५ मधील काँग्रेसच्या शताब्दी अधिवेशनाचे महत्त्व विशेष आहे. मुंबईत भरलेल्या या अधिवेशनात राजीव गांधींनी स्वपक्षातील सत्तेच्या दलालांवर उघड टीका केली. पक्षाध्यक्षानेच पक्षाची अशी झाडाझडती घ्यावी, हे नवे होते. 'मिस्टर क्लीन' ही प्रतिमा या भाषणाने दृढ झाली. मात्र याच भाषणाने त्यांच्या पुढील कारभाराला एक मोजपट्टीही लावून दिली. स्वच्छतेची अपेक्षा विरोधकांनी निर्माण केली नव्हती; ती स्वतः नेत्याने जागवली होती. पुढे या मोजपट्टीने त्यांचे मोजमाप झाले तेव्हा तिच्याविषयी तक्रार करण्यास त्यांना जागा उरली नाही.

उत्साहाची ओहोटी :

शाहबानो निकालानंतर १९८६ मध्ये झालेला कायदा आणि त्याच वर्षी अयोध्येतील वास्तूचे उघडलेले कुलूप, या दोन्ही घटनांनी आधुनिक विचाराचा नेता या प्रतिमेला तडे गेले. परंतु निर्णायक ठरले ते १९८७ हे वर्ष. जानेवारीत विश्वनाथ प्रताप सिंह यांना अर्थ खात्यातून संरक्षण खात्यात हलविण्यात आले आणि एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात स्वीडिश रेडिओने बोफोर्स तोफांच्या व्यवहारात दलाली दिली गेल्याचे वृत्त प्रसारित केले. पुढे 'द हिंदू' या दैनिकाने कागदपत्रेच छापली. १९८८ चे बदनामी विधेयक वृत्तपत्रांच्या विरोधामुळे मागे घ्यावे लागले. पण संशय मागे घेता आला नाही. (राजीव गांधींवरील लाचखोरीचे आरोप दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ तेरा वर्षांनी, रद्द ठरविले. १९८९ च्या मतदारापुढे अर्थातच हा निकाल नव्हता.)

तरुणांवरच याचा परिणाम अधिक झाला असावा, असे मानण्यास कारण आहे. वयस्क काँग्रेस मतदाराचे पक्षाशी नाते स्वातंत्र्यलढा, सहकारी सोसायटी, जिल्हा परिषद अशा अनेक धाग्यांनी विणलेले होते. तरुणाचे नाते मात्र एका व्यक्तीच्या प्रतिमेशी जडलेले होते. संगणक व दूरसंचार यांच्या धोरणाचा लाभ मोजक्या शहरी तरुणांपर्यंत पोहोचला. जिल्ह्याच्या गावी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून वाट पाहणाऱ्या पदवीधराच्या वाट्याला फारसे काही आले नाही.

महाराष्ट्राचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. उत्तर प्रदेशात काँग्रेस ८३ जागांवरून १५ वर, तर बिहारमध्ये ४८ वरून ४ वर आली. महाराष्ट्रात ती ४३ वरून २८ वर थांबली. सहकार व पंचायत राज्याच्या जाळ्याने येथे पक्षाला सावरले असे म्हणता येईल. तथापि डिसेंबर १९८६ मध्ये औरंगाबाद येथे शरद पवार काँग्रेसमध्ये परतल्यानंतर काँग्रेसविरोधी तरुणांसाठी जी पोकळी निर्माण झाली, ती मराठवाड्यात शिवसेनेने झपाट्याने भरून काढली, हेही विसरून चालणार नाही.

पुराव्याच्या मर्यादा :

गुप्त मतदानात मतदाराचे वय नोंदले जात नाही. मतदारांची एकूण संख्या सुमारे ४० कोटींवरून सुमारे ४९.९ कोटींवर गेली हे खरे. पण त्यात लोकसंख्येची स्वाभाविक वाढही समाविष्ट आहे. शिवाय १९८९ मध्ये १८ वर्षांचा असलेला मतदार १९८४ मध्ये १३ वर्षांचा होता. त्याचा अपेक्षाभंग झाला असे म्हणणे काटेकोर अर्थाने बरोबर नाही; भंग होण्यासाठी आधी अपेक्षा असावी लागते. अपेक्षाभंग झाला तो त्याच्या थोरल्या भावंडांचा. दक्षिणेचा निकाल तर या विधानाला थेट छेद देतो. आंध्र प्रदेशात काँग्रेस ६ जागांवरून ३९ वर, कर्नाटकात २४ वरून २७ वर गेली. तेथेही १८ वर्षांच्या मुलामुलींनी प्रथमच मतदान केले होते. शिवाय अनेक ठिकाणी विरोधकांनी परस्परांत जागावाटप केल्यामुळे काँग्रेसच्या जागा १९७ पर्यंत घसरल्या, तरी तिची मते सुमारे ४९ टक्क्यांवरून ३९.५ टक्क्यांवरच आली होती.

तरुण हा एकजिनसी वर्ग नव्हे, याचा प्रत्यय लवकरच आला. ७ ऑगस्ट १९९० रोजी विश्वनाथ प्रताप सिंह यांनी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा केली, तेव्हा दिल्लीतील महाविद्यालयीन तरुण त्यांच्या विरोधात रस्त्यावर उतरले. मागासवर्गीय तरुणांनी मात्र त्याच घोषणेचे स्वागत केले. १९८९ मध्ये १४३ जागा जिंकणाऱ्या जनता दलाला १९९१ मध्ये ५९ जागा मिळाल्या. त्यांपैकी ३१ एकट्या बिहारमधल्या होत्या.