घर, गिरणी आणि ब्रँच : सोलापुरातील कामाच्या रचनेविषयी

कामाची भावी रचना कशी असावी, याविषयीच्या अलीकडील चर्चेत घरी बसून केलेले, नगावर मोजलेले आणि मध्यस्थामार्फत मिळालेले काम ही नव्या युगाची खूण मानण्यात येते. या समजुतीमागे एक जुना सिद्धान्त आहे. उद्योग घरातून कारखान्यात गेला व आता तो पुन्हा घराकडे वळत आहे, असा तो सिद्धान्त होय. सोलापूरचा इतिहास पाहू गेल्यास ही मांडणी पहिल्याच शब्दापाशी अडखळते.

‘कारखाना’ हा मूळचा फारसी शब्द राज्यकारभारातील ‘अठरा कारखान्यां’मुळे मराठीत रुळला. सोलापूरच्या विणकरवस्तीत मात्र राहते घर, त्यात मांडलेले हातमाग व तेथे मजुरीवर विणणारी माणसे मिळून कारखाना होई, आणि घरधनी हाच कारखानदार. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांचा यात मोठा वाटा होता. पुण्याच्या गोखले संस्थेने १९४७ साली काकडे यांची सोलापूरच्या विणकर समाजांविषयीची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा शहरात वाफेच्या गिरण्या येऊन सत्तर वर्षे होत आली होती. तरीही मागाचे घर मोडले नव्हते. एकाच पेठेत दोन्ही रचना शेजारी नांदत होत्या.

मोरारजी गोकुळदास यांनी १८७० च्या दशकात स्थापिलेली गिरणी पुढे ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी व विष्णू या गिरण्या आल्या. गिरणीने आणलेली खरी नवी वस्तू म्हणजे यंत्र नव्हे, भोंगा होय. भोंग्याने कामाचा वेळ घराच्या वेळेपासून तोडला, आणि तोडला म्हणूनच तो कायद्याला मोजता आला. १८८१ चा कायदा केवळ मुलांपुरता होता. १८९१ मध्ये स्त्रियांना अकरा तासांची, तर १९११ मध्ये कापड गिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली. १९४८ च्या कायद्याने प्रौढांसाठी दिवसाचे नऊ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम ठेवले. या सर्व मर्यादा माणसाला नव्हे, एका इमारतीला चिकटलेल्या होत्या, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवावयास हवी.

गिरणीनेही सर्वांनाच स्थैर्य दिले असे नाही. कचेरीच्या मराठीत माणसाची बदली होते. गिरणीच्या मराठीत माणूस स्वतःच ‘बदली’ असतो. कोणाचा खाडा पडला तर आपली पाळी लागेल, या आशेने तो दाराशी उभा राही, आणि काम न मिळाल्यास त्या दिवसाचा तोटा सर्वस्वी त्याचा. त्याला आत घेणे वा न घेणे जॉबरच्या मर्जीवर असे. कामगारभरतीचा हा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा, अशी शिफारस रॉयल कमिशनने १९३१ मध्ये केली होती. कारखानदाराच्या घरात काय किंवा गिरणीच्या दाराशी काय, रिकामा वेळ कोणाच्या खाती पडतो, हाच कामाच्या रचनेतील निर्णायक मुद्दा होता.

१९६० च्या दशकात जुनी गिरणी बंद पडली. पुढील काही दशकांत इतर मोठ्या गिरण्याही थांबल्या. काम यंत्रमागाच्या लहान शेडमध्ये विखुरले. घरात मात्र विडी होती, आणि ती स्त्रियांच्या हातात होती. ब्रँचमधून तेंदूपान व तंबाखू आणावयाची, पाने भिजवून कातरावयाची, विड्या वळून दोऱ्याने बांधावयाच्या आणि पुन्हा ब्रँचला नेऊन द्यावयाच्या. मजुरी हजार विड्यांमागे. पान कमी पडले तर ते पदरमोड करून घ्यावे लागे, निवडीत बाद ठरलेल्या विडीचे श्रमही वाया जात. ‘ब्रँच’ हा शब्द येथे मोठा मार्मिक आहे : फांदी दिसते, खोड दिसत नाही.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्या स्त्रीला कामगार म्हणून मान्यता दिली. ही त्याची थोरवी निःसंशय होय. तथापि कामाच्या तासांची मर्यादा त्याने औद्योगिक जागेपुरतीच ठेवली. परिणामी मालकाला इमारत ही अडचण, आणि घर ही सोय झाली. स्वयंपाक आणि विडी यांच्यामध्ये भोंगा वाजविणारे कोणी नव्हते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने मंचांमार्फत काम करणाऱ्यांची व्याख्या रूढ मालक-नोकर संबंधाच्या बाहेर केली, तेव्हाही संरक्षण कशाला बांधावयाचे, हा सोलापुरात जुना झालेला प्रश्न पुन्हा उभा राहिला.

या प्रश्नाचे एक उत्तर शहराजवळील कुंभारी येथे दिसते. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचे नाव धारण करणाऱ्या सहकारी संस्थेच्या द्वारे तेथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरे उभी राहिली. २००६ मध्ये ती लाभार्थींना देण्यात आली. विडी कामगारांच्या चळवळीचे हे असामान्य यश म्हणावे लागेल. परंतु ही घरे निवासस्थाने होत तशीच कामाच्या जागाही होत. गिरणीची भिंत, छप्पर आणि दिवा यांचा खर्च गिरणीमालकाने केला होता. कुंभारीतील भिंतींचा खर्च शासनाच्या अनुदानातून आणि वळणाऱ्या स्त्रियांच्या स्वतःच्या वाट्यातून झाला.