तळटीप : आटगावची लेखनरूपे

१. शहापूर तालुक्यातील आटगाव नोंदींत ‘आटगांव’, ‘आट गाव’, ‘आट-गांव’ असे वेगवेगळे लिहिले गेले, की संगणक प्रत्येक रूपाला स्वतंत्र गाव समजून मोजतो. ‘आर’ या संगणकभाषेत ‘^आट[ -]?गां?व$’ हा एकच साचा ही सगळी रूपे पकडतो. त्यातले दुसरे प्रश्नचिन्ह फक्त अनुस्वाराला ऐच्छिक ठरवते, कारण छापील ‘गां’ संगणकाच्या लेखी ग, काना आणि अनुस्वार अशी तीन चिन्हे आहेत. दोन टोकांच्या खुणा नोंद सबंध जुळण्याची अट घालतात. साचा सैल करून ‘आ.*गाव’ लिहिला, तर कसारा रेल्वेमार्गावरचे शेजारचे आसनगावही त्यात ओढले जाते. मग हातानेच दुरुस्त केलेले काय वाईट, असे कोणी म्हणेल. पण हाताची दुरुस्ती मागमूस ठेवत नाही. साचा कोणालाही तपासता येतो, चुकीचा ठरवता येतो. एकाच नावाची दोन गावे त्याला ओळखता येत नाहीत, हा आक्षेप मात्र खरा. तिथे २०११ च्या जनगणनेतला ६ अंकी ग्रामसंकेतांकच हवा. साच्याने लेखन एकसारखे करावे आणि गावाची ओळख संकेतांकावरून ठरवावी, हाच क्रम सुरक्षित. — संपादक